लिहिलेली भिंत

श्रावण लागला की आमच्या घरी देवघराच्या भिंतीवर दोन चित्रे येत. एक विकत आणलेले असे. तो जिवतीचा छापील कागद. त्यावर नरसिंह, कालियामर्दन करणारा कृष्ण, लेकरांनी वेढलेली जिवती आणि बुधबृहस्पती असत. दुसरे चित्र घरचे असे. नागपंचमीच्या सकाळी आजी सहाणेवर गंध उगाळी आणि बोटाने भिंतीवर नागांची वेटोळी काढी. आम्हां मुलांच्या नजरेला छापील कागदच अधिक सुंदर वाटे. त्याच्या रेषा सुबक होत्या, रंग ठसठशीत होते. आजीच्या नागांच्या फण्या मात्र कधी एकसारख्या येत नसत. कागद महिनाभर टिके आणि नाग चार दिवसांत पुसट होत. पुष्कळ वर्षांनी माझ्या ध्यानात आले की, ते नाग आजीबरोबरच गेले. कागद अजूनही बाजारात मिळतो.

घर सजवणे म्हटले की आज बहुधा खरेदीचाच बोध होतो. पडदे, चित्रांच्या चौकटी, तयार रंगांचे डबे आणली की घर सजले, असे आपण मानतो. स्वतःच्या हातांनी काही करावे ही हौस अलीकडे पुन्हा वाढली आहे, हे खरे. परंतु त्या हौसेलाही बाजारातली तयार साहित्याची पेटी लागते आणि कोणाचा तरी नमुना समोर ठेवावा लागतो. अशा वेळी एक साधा प्रश्न विचारून पाहावासा वाटतो. घराची शोभा ही घरात आणून ठेवण्याची वस्तू आहे, की घरातल्या माणसांनी वेळोवेळी करावयाची कृती आहे? आपल्या देशात या प्रश्नाचे उत्तर फार काळ निःसंदिग्ध होते. ते उत्तर कसे पालटत गेले, हे पाहण्यासाठी मिथिलेतील घरांच्या भिंतींसारखे दुसरे साधन नाही. तेथे जाण्यापूर्वी थोडे मागे वळून पाहिले पाहिजे.

सातव्या शतकातील बाणभट्टाने ‘हर्षचरिता’च्या चौथ्या उच्छ्वासात स्थाण्वीश्वराच्या राजवाड्यातील एका लगीनघाईचे वर्णन केले आहे. प्रभाकरवर्धनाची कन्या राज्यश्री हिचा विवाह मौखरी कुळातील ग्रहवर्म्याशी ठरला आहे आणि सारा वाडा कामाला लागला आहे. चित्रकारांचे समूह मंगल चित्रे काढीत आहेत, हे तर राजवाड्यात अपेक्षितच. पण त्यांच्या शेजारी पानावेलींच्या आलेखनात निपुण असलेल्या स्त्रिया पांढऱ्या केलेल्या कलशांवर आणि कच्च्या मृत्पात्रांवर नक्षी काढीत आहेत. एवढेच नव्हे, तर मांडलिक राजे स्वतः कंबर बांधून शेंदरी रंगाची जमीन घोटीत आहेत, पिठाच्या ओल्या लेपाचे हाताचे ठसे उमटवलेले आणि अळित्याने लाल केलेले विवाहवेदीचे खांब उभे करीत आहेत, त्या खांबांच्या शेंड्यांना आंब्याचे आणि अशोकाचे कोवळे पल्लव लावीत आहेत. पुढे वधूवर ज्या वासगृहात प्रवेश करतात, त्याच्या दाराच्या दोन बाजूंस रती आणि प्रीती चित्रित केलेल्या आहेत. कवीची अतिशयोक्ती वजा केली तरी एक गोष्ट उरते. मंगलकार्याच्या वेळी घर सजवण्याचे काम केवळ मोल देऊन उरकण्याचे नव्हते. त्याला आपला हात लागावा, असे राजालाही वाटत होते. तो पिठाचा हाताचा ठसा आजही कित्येक प्रांतांत लग्नघराच्या दारावर उमटतो.

शास्त्रग्रंथांनी मात्र या घरगुती हाताकडे फारसे लक्ष दिले नाही. ‘विष्णुधर्मोत्तर पुराणा’च्या तिसऱ्या खंडात जे ‘चित्रसूत्र’ आहे, त्यात राहत्या घरात शृंगार, हास्य आणि शांत या रसांचीच चित्रे असावीत, असे सांगितले आहे. युद्धाची, स्मशानाची, करुणाची चित्रे घरात नकोत. हा विवेक आजच्या गृहसजावटकारालाही मान्य होईल. पण त्याच प्रकरणात आणखी एक विधान आहे : स्वतःच्या घरी स्वतः चित्रकर्म करू नये. ग्रंथकाराच्या डोळ्यांसमोर धंदेवाईक चित्रकार असावा. पण ज्या काळी पंडित हे लिहीत होते, त्याच काळी आणि त्यानंतरही शेकडो वर्षे देशभरातील स्त्रिया आपल्या घरी नेमके तेच करीत आल्या. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ‘मानसोल्लासा’त चित्रांचे प्रकार सांगताना धूलिचित्राची गणना केली, तेव्हा अंगणातील रांगोळीच्या जातीच्या कलेला ग्रंथात जागा मिळाली. ती काढणारीला मात्र तेथे नाव नाही.

नावे मिळतात ती चित्रांना. बंगालमध्ये अल्पना, मिथिलेत अरिपन, कुमाऊँमध्ये ऐपण, राजस्थानात मांडणा, ओडिशात झोटी, आंध्रात मुग्गू, तमिळनाडूत कोलम, आणि आपल्याकडे रांगोळी व चैत्रांगण. साहित्य बहुतेक ठिकाणी स्वयंपाकघरातले वा अंगणातले : तांदळाचे पीठ, गेरू, चुना, हळद, दिव्याची काजळी. यांतील एकही चित्र कायम राहावे म्हणून काढलेले नसते. कोलमचे पीठ मुंग्या नेतात, मांडण्यावरून पावले जातात, भिंतीवरचे चित्र पुढच्या सारवणाखाली गडप होते. अवनींद्रनाथ ठाकुरांनी १९१९ च्या सुमारास ‘बांगलार ब्रत’ हे पुस्तक लिहून अल्पनेचा विचार केला, तेव्हा त्यांनी एका मर्मावर बोट ठेवले. व्रत करणारी मुलगी जे मागते तेच ती जमिनीवर काढते. धान्याची कोठारे, दागिने, नदीवरच्या नावा. तिची कामना रेषेतून प्रकट होते. ती उमटली की चित्राचे काम झाले. मग ते पुसले गेले तरी बिघडत नाही. घरातील चित्रे पुसली जात, म्हणूनच ती पुन्हा काढावी लागत. पुन्हा काढावी लागत, म्हणूनच आईचा हात मुलीच्या हाती येई.

आता मिथिलेकडे वळू. गंगेच्या उत्तरेस, नेपाळच्या तराईपर्यंत पसरलेला हा प्रदेश विद्यापतीचा म्हणून आपणांस ठाऊक असतो. येथील मधुबनी आणि दरभंगा या भागांतील घरांत लग्नाच्या वेळी एक खोली खास सजवली जाते. तिला कोहबरघर म्हणतात. विवाहानंतरच्या पहिल्या रात्री वधूवर येथे असतात आणि चौथ्या दिवशी चतुर्थीचा विधी होतो. बाणाच्या वासगृहाची आठवण यावी, अशीच ही खोली. तिच्या मुख्य भिंतीवर ‘पुरइन’ म्हणजे कमळवेल काढतात. गोलाकार पानांचे वर्तुळ, आणि त्याच्या मध्यातून उभा गेलेला देठ. शेजारी बांबूचे बेट. भोवती पोपट, मासे, कासवे, सर्प, चंद्र, सूर्य, शिवपार्वती आणि गौरीपूजा करणारी वधू. कमळ हे स्त्रीचे आणि बांबू हे पुरुषाच्या वंशाचे चिन्ह. मासे आणि कासव हे पाण्यातील बहुप्रसव जीव. सारांश, भिंतभर भरल्या संसाराची कामना. खोलीच्या चारी कोपऱ्यांत ‘नैना जोगिन’ काढलेली असते. तिचा एक डोळा झाकलेला असतो आणि दुसरा उघडा. नव्या जोडप्याला कोणाची दृष्ट लागू नये, हे तिचे काम.

ही भिंत तयार कशी होते, हेही पाहण्याजोगे आहे. माती, शेण आणि भुसा यांच्या गिलाव्याने भिंत सारवून घेतात. काळा रंग दिव्याच्या काजळीचा, पांढरा वाटलेल्या तांदळाचा, पिवळा हळदीचा, तांबडा करडईच्या फुलांचा, हिरवा पानांच्या रसाचा. रंग भिंतीला धरावा म्हणून त्यात डिंक किंवा बकरीचे दूध मिसळीत. बांबूच्या काडीचे टोक ठेचून किंवा तिला कापूस गुंडाळून कुंचला करीत. नात्यागोत्यातल्या आणि शेजारच्या बायका जमत. त्यांच्यांत जिची रेषा निश्चित अशी वडीलधारी स्त्री आकृती रेखाटी, बाकीच्या तीत रंग भरीत आणि लहान मुली कोपऱ्यातले एखादे पान वा मासा काढून शिकत. गाणी चालू असत. ब्राह्मण घरांत सपाट रंगांनी आकृती भरण्याची रीत होती, तिला ‘भरनी’ म्हणतात. कायस्थ घरांत बारीक रेषांच्या जाळीवर भर असे, ती ‘कचनी’. कायस्थ स्त्रिया कोहबराची आकृती कागदावरही काढून ठेवीत. त्या कागदात सिंदूर गुंडाळून तो लग्नात पाठवीत आणि आकृतीची आठवणही त्यामुळे राही. म्हणजे कागद मिथिलेच्या स्त्रियांना अगदीच अपरिचित नव्हता. या साऱ्या कामाला त्या चित्र काढणे म्हणत नाहीत, लिहिणे म्हणतात. संस्कृतातील ‘लिख्’ धातूचा ओरखडणे, रेखाटणे हा जुना अर्थ त्या घरांत जिवंत राहिला. ज्या स्त्रियांपैकी कित्येकींना अक्षर लिहिता येत नव्हते, त्या भिंती मात्र शतकानुशतके लिहीत आल्या.

ही भिंत बाहेरच्या जगाला दिसली ती एका अनर्थामुळे. १५ जानेवारी १९३४ रोजी दुपारी दोनच्या सुमारास उत्तर बिहार आणि नेपाळ प्रचंड भूकंपाने हादरला. दहा हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. गावेच्या गावे जमीनदोस्त झाली. मधुबनी येथे तेव्हा विल्यम आर्चर हे सनदी अधिकारी होते. नुकसानीची पाहणी करीत ते गावोगाव हिंडू लागले. मिथिलेतील घराच्या अंतर्भागात परक्या पुरुषाचा प्रवेश एरवी अशक्य. पण आता घरांच्या भिंती फुटल्या होत्या आणि आतल्या खोल्या उघड्यावर आल्या होत्या. पडझडीत उभ्या राहिलेल्या भिंतींवर त्यांना कमळे, मासे आणि देवदेवता दिसल्या. युरोपातील क्ले, मिरो, पिकासो यांची चित्रे त्यांच्या परिचयाची होती. त्या चित्रांतले धैर्य या अज्ञात स्त्रियांच्या रेषेत पाहून ते थक्क झाले. पुढील वर्षांत त्यांनी या चित्रांची छायाचित्रे घेतली आणि १९४९ मध्ये मुंबईहून निघणाऱ्या ‘मार्ग’ या नियतकालिकात मैथिल चित्रकलेवर लेख लिहिला. मिथिलेबाहेरच्या सुशिक्षितांना या कलेचा परिचय झाला तो प्रामुख्याने येथून.

आर्चर यांच्या रसिकतेबद्दल कृतज्ञ असावे. तरीही एक गोष्ट विसरू नये. जी भिंत त्यांना कलाकृती म्हणून दिसली, ती त्या घरच्या बाईच्या दृष्टीने उद्ध्वस्त झालेले घर होती. आणि तिने पुढच्या लग्नसराईत काय केले असेल? नवी भिंत उभारली, सारवली आणि पुन्हा लिहिली. भूकंपाने चित्रे नष्ट केली. चित्रकला नष्ट केली नाही.

देशातील इतर पुष्कळ घरांच्या भिंतींवर तोवर भूकंपाविनाच स्थित्यंतर घडून आले होते. १८७८ मध्ये पुण्यात चित्रशाळा प्रेसची स्थापना झाली आणि देवादिकांची रंगीत चित्रे छापून निघू लागली. १८९४ मध्ये राजा रविवर्मा यांनी मुंबईत छापखाना काढला. तो पुढे मळवलीला हलवला गेला. तेथली लक्ष्मी आणि सरस्वती अल्पावधीत देशभर पोहोचल्या. ज्या घराला मूळ चित्र घेण्याची ऐपत कधीच नव्हती, त्याच्या भिंतीवर देवी आली. हा लाभ थोडा नव्हे. पण छापील चित्राला पुन्हा काढावे लागत नाही, हा त्याचा गुणच हाताच्या मुळावर आला. पुढे मातीच्या भिंती जाऊन विटांच्या आणि सिमेंटच्या भिंती आल्या. त्यांना सारवणाची गरज उरली नाही. आणि सारवणाबरोबर वर्षाकाठी येणारे लिहिण्याचे निमित्तही गेले. आजीचे नाग पुसट होऊन गेले ते याच ओघात.

मिथिलेत दुसरा अनर्थ १९६६ मध्ये आला. पावसाने दगा दिला आणि १९६७ च्या एप्रिलमध्ये बिहारमध्ये दुष्काळ जाहीर करावा लागला. जयप्रकाश नारायण यांनी साहाय्याचे कार्य हाती घेतले. त्या वेळी अखिल भारतीय हस्तकला मंडळाच्या श्रीमती पुपुल जयकर यांना वाटले की, खडी फोडण्यापलीकडे या स्त्रियांच्या हाताला दुसरे काम देता येईल. त्यांनी मुंबईचे चित्रकार भास्कर कुलकर्णी यांना मधुबनीकडे पाठवले. कुलकर्णी जितवारपूर, रांटी अशा गावांतून फिरले, स्त्रियांना त्यांनी कागद दिले आणि भिंतीवर जे लिहिता तेच यावर लिहा, असे सुचवले. आपल्या मराठी श्रोत्यांना त्यांचे नाव फारसे परिचित नाही. कोणाच्या रेषेत जीव आहे हे ओळखण्याची दृष्टी त्यांच्यापाशी होती, आणि तिला आपला नमुना शिकवू नये एवढा संयमही होता. बाहेरून गेलेल्या कलावंताला हा दुसरा गुण अधिक दुर्मीळ.

संकोच होणे स्वाभाविक होते. कोहबर हे लग्नघराचे. लग्नाविना, परक्याच्या भिंतीसाठी, मोल घेऊन ते कसे लिहावे? पण घरात धान्य नव्हते. जगदंबा देवी, सीता देवी, महासुंदरी देवी, बौआ देवी, गंगा देवी अशा काही स्त्रियांनी कागद हाती घेतला. कागद विकला गेला, चूल पेटली आणि गावोगावच्या स्त्रिया लिहू लागल्या. १९७५ मध्ये जगदंबा देवींना ‘पद्मश्री’ मिळाली. १९८१ मध्ये सीता देवींना, १९८४ मध्ये गंगा देवींना. पुढे २०११ मध्ये महासुंदरी देवी आणि २०१७ मध्ये बौआ देवी यांचा असाच गौरव झाला. ज्या ग्रंथांनी शतकानुशतके घर लिहिणाऱ्या स्त्रीचे नाव लिहिले नव्हते, त्यांची उणीव एका दुष्काळाने भरून काढली, असे म्हणण्याची पाळी इतिहासावर यावी, यात समाधान आणि लाज दोन्ही आहेत.

कागदाने आणखी एक दार उघडले. कोहबराची भिंत मुख्यतः ब्राह्मण आणि कायस्थ घरांशी निगडित म्हणून ओळखली गेली होती. कागदाला जात नव्हती. १९७० नंतर दुसाध स्त्रियांनी आपल्या अंगावरील गोंदणाच्या आकृती कागदावर आणल्या आणि आपला लोकनायक राजा सलहेस याच्या कथा लिहिल्या. कोऱ्या कागदावर त्यांनी शेणाचे पाणी फिरवले आणि मग त्यावर रेषा काढल्या. म्हणजे घरच्या भिंतीचा रंग त्यांनी कागदालाच दिला. मल्लाह समाजातील दुलारी देवी रांटीत महासुंदरी देवींच्या घरी धुणीभांडी करीत असत. घरमालकिणींना लिहिताना पाहून त्या शिकल्या. २०२१ मध्ये त्यांनाही ‘पद्मश्री’ मिळाली. जुनी भिंत जशीच्या तशी राहिली असती, तर दुलारी देवींना तिच्यापुढे कुंचला घेऊन बसण्याची संधी मिळाली असती काय, याचा विचार परंपरेसाठी हळहळणाऱ्यांनी अवश्य करावा.

तथापि, जमेबरोबर खर्चाची बाजूही मांडली पाहिजे. भिंत भरायची तर ती जेवढी असेल तेवढी. कागदाचे माप मात्र गिऱ्हाइकाच्या सोयीचे. भिंतीवरचे चित्र त्या घरच्या लग्नासाठी, कागदावरचे कोणासाठीही. व्यापारी जे खपते तेच पुन्हापुन्हा मागू लागले. त्या आकृती कापडावर, ताटांवर, पिशव्यांवर, २०२० च्या महासाथीत मुखपट्ट्यांवरही उतरल्या. २००७ मध्ये मधुबनी चित्रांना भौगोलिक निर्देशनाचे संरक्षण मिळाले आणि २०१७ मध्ये मधुबनी रेल्वेस्थानकाच्या भिंती स्थानिक कलावंतांनी रंगवून काढल्या. या सर्वांतून अनेक घरांना भाकरी मिळाली. तिला नाक मुरडण्याचा अधिकार पोट भरलेल्याला नाही. परंतु शहरातल्या ज्या घरांत ही चित्रे चौकटीत बसून येतात, तेथे ती पुन्हा वस्तूच होतात, कृती होत नाहीत. मिथिलेचा हात वाचला; आपला हात रिकामाच राहिला.

या दोन्ही बाजू एका स्त्रीच्या आयुष्यात एकत्र आल्या. गंगा देवी कायस्थ घरातल्या, कचनीच्या बारीक रेषेत सिद्धहस्त. त्यांना मूल राहिले नाही. पतीने दुसरा विवाह केला आणि त्यांचा संसार मोडला. भरल्या संसाराची कामना जिच्यात भिंतभर लिहिलेली असते, ती कोहबराची आकृती उत्तम लिहिणाऱ्या स्त्रीच्या वाट्याला हे आले. कागदाने त्यांना अन्न दिले आणि नावही दिले. त्यांनी माणसाच्या जन्मापासूनच्या संस्कारांची ‘मानवजीवन’ ही मालिका लिहिली. अमेरिकेला गेल्या तेव्हा तेथल्या जत्रेतील चढउतारांची गाडीही आपल्या रेषेत आणली. कर्करोगाने गाठल्यावर त्यांनी रुग्णालयाची खोली आणि उपचारही चितारले. शेवटच्या आजारपणाच्या काळातच दिल्लीच्या हस्तकला संग्रहालयात त्यांनी एक संपूर्ण कोहबरघर भिंतींवर लिहिले. १९९१ मध्ये त्यांचे निधन झाले.

२०१५ मध्ये असे उघडकीस आले की, संग्रहालयाच्या नूतनीकरणाच्या कामात ते कोहबरघर नष्ट झाले आहे. कलाप्रेमींनी संताप आणि दुःख व्यक्त केले, ते योग्यच होते. पण या घटनेतील विरोधाभास मनाला अधिक खुपतो. मिथिलेतील प्रत्येक कोहबर पुसले जाण्यासाठीच लिहिलेले असते. गंगा देवींनी तरुणपणी भिंतींवर लिहिलेल्या कोहबरांवर कधीच सारवणाचा हात फिरला असेल, आणि त्याबद्दल कोणी अश्रू ढाळले नसतील. मग याच एका भिंतीचे दुःख का? कारण येथे ती कोणा घराची भिंत नव्हती, एका कलावतीची अखेरची निशाणी होती. पुढच्या लग्नाला ती पुन्हा लिहायला तेथे घर नव्हते, लग्न नव्हते, मुलगी नव्हती. जे पुन्हा करता येत नाही, त्याचेच जतन करावे लागते. जे जतन करावे लागते, ते आपण नीट जतन करू शकलो नाही, हा एक भाग झाला. जे पुन्हा करता येत होते, ते करणारा हात आपल्या घरांतून का गेला, हा दुसरा आणि अधिक खोल भाग.

भास्कर कुलकर्णी पुढे आपल्याच प्रांतात डहाणूच्या परिसरातील वारली पाड्यांत गेले आणि १९७० च्या दशकात जिव्या सोमा मशे यांच्या चित्रांकडे जगाचे लक्ष वेधले गेले. त्याची कथा स्वतंत्रपणे सांगण्याजोगी आहे. येथे एवढेच नोंदवतो की, कागदावरची वारली चित्रे पुरुषांच्या हातून जगभर गेली; लग्नाचा चौक मात्र सवाशिणीच तांदळाच्या पिठाने घराच्या भिंतीवर लिहीत आल्या. त्यात पालघाट देवी असते, आणि तो चौक लिहिला जाईपर्यंत लग्न लागत नाही. म्हणजे कागद आणि भिंत एकमेकांचे शत्रू नव्हेत. कागद पोटासाठी आणि जगासाठी असेल, भिंत घरासाठी असेल. एक आली म्हणून दुसरीने जावे, असा नियम नाही.

घर स्वतःच्या हाताने सजवू पाहणाऱ्याला या इतिहासातून घेण्यासारखे काही असेल, तर ते कोहबराचे कमळ नव्हे. मिथिलेचे कमळ मिथिलेच्या लग्नघरातच अर्थपूर्ण. ते आपल्या दिवाणखान्यात नकलून काढले तर केवळ नक्षी होईल. घेण्यासारखी आहे ती रीत. घरात काही घडणार असेल, कोणी येणार असेल, कोणाचे मंगल व्हावे असे वाटत असेल, तर ते भिंतीवर वा उंबऱ्यापाशी आपल्या हाताने लिहावे; ते पुसले जाईल म्हणून लिहिण्याचे टाळू नये; आणि लिहिताना एक कोपरा लहान मुलासाठी मोकळा सोडावा. रेषा वाकडी आली तरी चालेल. आजीच्या नागांच्या फण्याही एकसारख्या नव्हत्या.

गेल्या नागपंचमीला मी सहाण शोधून काढली. भिंतीला तैलरंग दिलेला असल्याने गंध नीट धरेना. शेवटी पाटावर नाग काढले. शेजारी बसलेल्या नातीने विचारले की, हे पुसले जाईल ना? मी म्हटले, जाईल. मग पुढच्या वर्षी मी काढीन, असे ती म्हणाली आणि तिने पाटाच्या कडेला आपलाही एक नाग काढला.